तुटलेला एक्झॉस्ट स्टड घरी काढायचा तर: आधी काय, मग काय

माझ्याकडे टॅप-सेट (भोकात आटे पाडायची हत्यारं) मागायला जो येतो, तो बहुतेक वेळा उशिरा आलेला असतो. स्टड (एक्झॉस्ट इंजिनला धरून ठेवणारा, डोकं नसलेला बोल्ट) तुटला, त्यात भोक पाडलं, भोक तिरकं गेलं, त्यात इझी-आउट (तुकडा आतून पकडून उलटा फिरवायचं हत्यार) ठोकला, तोही आत मोडला आणि आता विचारतोय, "टॅप आहे का रे?" टॅप आहे, पण आता त्याचा उपयोग नाही. देवगड-मालवणच्या खाऱ्या हवेत हे स्टड गंजणारच, ते कुणाच्या हातात नाही. चुकतो तो कामाचा क्रम. तेल, उष्णता आणि वेल्डिंग हे तिन्ही करून थकल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही, एवढं एक धरून ठेवलंत तर निम्मी कामं ड्रिलपर्यंत पोचतच नाहीत.

## आधी ओळखा: कुठला स्टड, आणि कसा तुटलाय

सकाळी पहिल्या स्टार्टला बॉनेटखालून टक-टक-टक आवाज येतो, ॲक्सिलरेटर दिला की वाढतो, आणि इंजिन तापलं की जवळजवळ जातो. पुष्कळ जण याला टॅपेट समजून व्हॉल्व्ह सेटिंग करून येतात. खरं तर स्टड तुटल्याने मॅनिफोल्ड (इंजिनच्या हेडला लागलेला, एक्झॉस्टचा धूर गोळा करणारा भाग) सैल झालेला असतो. तो तापून फुगतो, फट बंद होते, म्हणून आवाज जातो. खात्री करायची तर थंड इंजिन सुरू करा आणि पेटती उदबत्ती मॅनिफोल्डच्या कडेने हळूहळू फिरवा. जिथे धूर झटक्याने बाजूला उडतो तिथे गळती. त्या जागी काजळीचा काळा पट्टाही दिसतो. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र उदबत्ती पेटवू नका, आधी तो वास कुठून येतोय ते शोधा.

एक्झॉस्टचे स्टड तीन ठिकाणी असतात आणि तिन्हींचा जीव वेगळा:

- हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये. स्टड पोलादी, हेड ॲल्युमिनियमचं. सगळ्यात नाजूक काम हेच, आणि हा लेख मुख्यतः याच्याबद्दल आहे.
- मॅनिफोल्ड आणि खालच्या पाइपच्या फ्लँजवर (जोडाच्या चपट्या कडेवर). हा स्टड बहुधा बिडाच्या किंवा पोलादी फ्लँजमध्ये असतो. भरपूर तापवता येतो, त्यामुळे सोपा.
- मागे सायलेन्सरच्या जोडावर. इथे डोकं लढवू नका. ग्राइंडरने कापा, ड्रिलने आरपार भोक करा, नवा नट-बोल्ट घाला.

टर्बो डिझेल असेल, मॅनिफोल्डवरच टर्बो बसलेला असेल, तर अंगणात हे काम करू नका, असं माझं मत. टर्बोचे ऑइल-पाइप, त्यांचे वायसर, त्यांचे स्टड, एकात एक भानगडी वाढत जातात.

आता टॉर्च मारून, छोट्या आरशात तुटलेला तुकडा नीट पाहा. पाच-सहा मिमी बाहेर डोकावतोय, सपाटीला तुटलाय, की आत गेलाय? पुढची सगळी पद्धत यावर ठरते. मॅनिफोल्ड काढल्याशिवाय कधीकधी हे कळत नाही. मॅनिफोल्डच्या जाडीत तुटलेला स्टड बाहेरून खोल वाटतो, पण मॅनिफोल्ड निघाला की चांगला सेंटीमीटरभर हातात येतो. असं झालं तर देवाला नारळ द्या.

शेवटचा, कडेचा स्टडच का तुटतो याचा हिशेब एकदा करून बघा. ४०० मिमी लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर साधारण २.२ मिमी लांब होतो. ॲल्युमिनियमचं हेड तेवढ्याच लांबीत ८० अंशांनी तापतं आणि पाऊण मिमी वाढतं. उरलेला दीड मिमी दोन टोकांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येक कडेचा स्टड रोज पाऊण मिमी बाजूला ओढला जातो. त्यासाठीच मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात. गंजाने ती भोकं भरली, किंवा कुणी नट जिवाच्या आकांताने आवळले, की मॅनिफोल्डला सरकायला वाव राहत नाही आणि कडेचा स्टड जातो.

## टप्पा १: जागा आणि सामान

नवीन स्टड, नट आणि पॅकिंग (हेड-मॅनिफोल्डमधलं गॅस्केट) आधी आणून ठेवा. एक नाही, पूर्ण संच. एक तुटलाय म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आहेत. गाडी उघडून बसलात आणि पॅकिंग नाही, की कणकवली-कुडाळला एसटीने जावं लागतं, आणि दुकानदार विचारतो, "जुनं आणलंत?" ते घरी अंगणात पडलेलं असतं.

हाताशी ठेवायचं सामान: पान्याच्या सहा कोनी गोट्या, म्हणजे सॉकेट (बारा कोनी नको), लांब एक्स्टेन्शन, रॅचेट, टॉमी, तारेचा ब्रश, ग्रिप प्लायर, बारीक छिन्नी, सेंटर पंच, व्हर्नियर, छोटा गॅस टॉर्च, मेणबत्ती, टॉर्क पाना. टॉर्क पाना विकत घ्यायलाच हवा असं नाही, पण कुणाकडून तरी मागून आणा.

गाडी खालून उचलावी लागणार असेल तर एक गोष्ट लिहितो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. चिऱ्यावर गाडी ठेवू नका. जांभा दगड घर बांधायला उत्तम. भिंतीत त्याच्यावर भार पसरून येतो. गाडीच्या खाली भार एका बोटभर जागेवर येतो, आणि पावसाचं पाणी प्यालेला चिरा आधी न कुरकुरता सरळ दुभंगतो. नारळाचा ओंडकाही नको, तो लोळतो. जॅकस्टँड घ्या, आणि अंगण मातीचं असेल तर प्रत्येक स्टँडखाली फणसाची किंवा सागाची जाड फळी घाला. सारवलेली जमीन वरून टणक वाटते, जॅकचा पाय तासाभरात दोन बोटं आत गेलेला असतो.

तपासा: गाडी स्टँडवर घेतल्यावर बाजूने दोन्ही हातांनी जोरात हलवा. हललीच तर खाली जाऊ नका.

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर सोडवा, वायर ओढू नका. मोबाइलवर प्रत्येक कोनातून फोटो काढून ठेवा. दोन दिवसांनी कुठला क्लिप कुठे होता हे आठवत नाही.

## टप्पा २: तेल, आणि दोन दिवस

हा टप्पा सगळे चुकवतात. संध्याकाळी तेल मारलं, चहा घेतला, आणि पाना लावला, असं चालत नाही. आमच्या वाडीतले एक म्हातारे मिस्त्री एवढंच म्हणायचे, "जोर नको, वाईच येळ दी तेका." चाळीस वर्षांच्या अनुभवातला माणूस नटला वेळ देतो आणि आपण घाई करतो.

आधी तारेच्या ब्रशने प्रत्येक नटाच्या बाहेर आलेले आटे स्वच्छ करा. गंजाच्या पापुद्र्यावर तेल मारलं तर ते पापुद्र्यातच राहतं. शिवाय नट निघताना त्याला याच गंजलेल्या आट्यांवरून यायचं असतं. नट मध्येच अडकून स्टड पिळवटतो तो इथेच.

तेल कुठलं? बाजारातलं चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल चालेल. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा डबा मुळात ओल हटवण्यासाठी आहे. काम करतो, पण उशिरा. मी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळून वापरतो. दोन्ही एकत्र राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. खोबरेल तेल सगळ्या दुखण्यांवर चालत असलं तरी इथे नाही.

सकाळ-संध्याकाळ असं दोन दिवस, प्रत्येक नटाच्या मुळाशी आणि तुटलेल्या स्टडवर चार-पाच थेंब. प्रत्येक वेळी स्टडच्या टोकावर हातोडीने हलके दहा-बारा ठोके. जोराचे नकोत. त्या थरथरीने तेल आट्यांत उतरतं.

सावधान: ॲसिटोन लगेच पेटतं. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल मारू नका आणि तेल मारल्यावर तासाभरात गॅस टॉर्च पेटवू नका. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर तर टॉर्च किंवा वेल्डिंग कधीच नको. त्यातून विषारी वायू निघतो.

## टप्पा ३: उरलेले नट न मोडता काढणे

हीट शील्डचे छोटे बोल्ट पहिले. १० मिमी डोक्याचे हे एम६ (६ मिमी जाडीचे) बोल्ट बघता बघता तुटतात. तुटले तरी जीव खाऊ नका, ते नंतर बघता येतात.

आता मुख्य नट. एम८ स्टडवरचा नट जपानी घडणीच्या गाड्यांत बहुधा १२ मिमी असतो, बाकीच्यांत १३. गंजाने नट झिजलेला असतो, म्हणून गोटी लावून पाहा. हलत असेल तर एक मिमी लहान सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा.

सुरुवात कडेच्या नटांपासून करा, मधले शेवटी. आणि पहिला झटका उलटा, म्हणजे आवळण्याकडे, अगदी केसभर. मग सोडवण्याकडे. पाव फेरा सुटला की पुन्हा अर्धा आत, तेलाचा थेंब, पुन्हा बाहेर. हाताला लक्ष द्या. पोलाद सुटताना एकदम "टक" असं सुटतं. तसं न होता पाना मऊ-मऊ, रबरासारखा फिरायला लागला तर नट सुटत नाहीये, स्टड पिळतोय. त्या क्षणी थांबा. मोडायच्या आधी स्टड ही एवढी एकच सूचना देतो.

पिळतोय असं वाटलं तर नट गरम करा (कसा, ते पुढच्या टप्प्यात) किंवा नटच चिरा. ग्राइंडरने नटाच्या एका बाजूला खाच घ्यायची, आट्यांना लागायच्या आत थांबायचं आणि छिन्नीने खाच उकलायची. नट पाच-दहा रुपयांचा असतो, त्याच्यावर प्रेम करू नका.

नटाबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला तर आनंदच आहे. नवाच घालायचाय.

मॅनिफोल्ड सरळ बाहेर ओढा, वर-खाली झुलवत नको, नाहीतर त्याच्या भोकाच्या कडा राहिलेल्या स्टडना वाकवतात. खालचा पाइप तारेने बांधून ठेवा, लवचिक जाळीच्या भागावर वजन लोंबकळू देऊ नका. हेडच्या उघड्या पोर्टमध्ये स्वच्छ फडक्याचे बोळे घाला आणि किती घातले ते कागदावर लिहा. चार घातले तर चार निघाले पाहिजेत.

## टप्पा ४: तुकडा बाहेर असेल तर

पाच-सहा मिमी बाहेर आहे. आटे चांगले असतील तर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाने फिरवा. आटे गेले असतील तर ग्रिप प्लायर, पण दात घट्ट रुतवून, एकदाच. चार वेळा घसरला की धरायला काही उरत नाही.

न फिरल्यास उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून स्टडच्या भोवतीचं हेड तापवलं की भोक मोठं होतं. टॉर्चची ज्योत स्टडवर नाही, त्याच्या भोवती गोल फिरवत ठेवा, एका जागी थांबवू नका. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम रंग न बदलता ६६० अंशांना सरळ वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि मऊ तर त्याच्या खूप आधी पडतो. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला, एवढं पुरे. मग मेणबत्ती आट्यांच्या मुळाशी टेकवा. मेण पातळ होऊन आत ओढलं जातं. आता आवळण्याकडे केसभर, सोडण्याकडे केसभर. हलला की घाईने काढत सुटू नका. अर्धा फेरा बाहेर, पाव आत, मेण, तेल. एक स्टड निघायला अर्धा तास लागला तर तो चांगला अर्धा तास.

तपासा: टॉर्च पेटवण्याआधी पेट्रोलचा पाइप, वायरिंग आणि प्लॅस्टिक कुठे आहे ते बघा. ओल्या गोणपाटाने झाका. बाजूला वाळूची बादली आणि एक माणूस ठेवा.

## टप्पा ५: सपाटीला तुटलाय, मग वेल्डिंग

इथे लोक थेट ड्रिल घेतात. घेऊ नका. गावात गेटं-ग्रिल बनवणारा वेल्डर असतोच, आणि हल्ली त्याच्याकडे हातात उचलायचं इन्व्हर्टर मशीन असतं. त्याला घरी बोलवा. सकाळी बोलवा, कारण संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आर्क धरत नाही आणि वेल्ड वरवरचा बसतो.

पद्धत अशी. स्टडचं तोंड ब्रशने चकचकीत करायचं. त्यावर एक वायसर ठेवून त्याच्या भोकातून स्टडला वेल्ड करायचा. मग वायसरवर स्टडपेक्षा एक माप मोठा नट ठेवून आतून भरून घ्यायचा. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून हेडची भीती कमी. पण वेल्डरला एवढं सांगाच की टाके छोटे आणि मध्यभागी.

वेल्डच्या उष्णतेने स्टड फुगतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड तुटते. त्यामुळे लगेच फिरवू नका. लाली जाऊ द्या, हात जवळ नेता येईल इतपत निवू द्या, मग पाना लावा, पुन्हा तोच पुढे-मागे. नट उखडून आला तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरा लावा. तीन-चार नट उखडतात आणि पाचव्याला स्टड निघतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. प्रत्येक वेल्ड म्हणजे फुकटची उष्णता.

सावधान: वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि अल्टरनेटरचे कनेक्टर सोडवा. वेल्डरचा अर्थ क्लँप इंजिनवरच, कामाच्या जितक्या जवळ जमेल तितका लावा. बंपरला किंवा बॉडीला लावला तर करंट कुठल्या वायरीतून फिरेल याचा भरवसा नाही.

## टप्पा ६: ड्रिल, सगळं करून झाल्यावर

ड्रिलमध्ये ताकदीचा संबंध नाही, मध्य गाठण्याचा आहे. एम८ × १.२५ च्या (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) आट्यांचा आतला व्यास साधारण ६.६५ मिमी. केंद्र अचूक असेल तर ६.५ चं ड्रिल आट्यांना न लागता जातं. केंद्र अर्धा मिमी चुकलं तर ५.५ च्या ड्रिलपाशीच थांबावं लागतं, त्यापुढे एका बाजूने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि ड्रिलला ॲल्युमिनियम आवडतं. पोलाद सोडून ते मऊ बाजूला पळतं, मग कितीही ओढा.

म्हणून क्रम असा:

१. तुटलेलं तोंड ओबडधोबड असतं. कानशीने किंवा छोट्या ग्राइंडिंग बिटने ते सपाट करा. उतारावर पंच घसरतो.

२. नवीन पॅकिंग उरलेल्या स्टडवर चढवा. तुटलेल्या जागी पॅकिंगचं भोक बरोबर वर्तुळ दाखवतं. त्यातून मध्य खुणवा, पॅकिंग काढा, भिंगातून बघा, मग हलका पंच. पुन्हा बघा. चुकला असेल तर पंच तिरका धरून ठोक्याने खूण सरकवता येते. समाधान झाल्यावर जोराचा पंच.

३. जमल्यास बुश (छोटी नळी) करून घ्या. लेथवाल्याकडे मॅनिफोल्ड न्या, भोकाचा व्यास व्हर्नियरने घ्या, आणि बाहेरून त्या भोकात घट्ट बसणारा, आतून ४ मिमीचं सरळ भोक असलेला बुश बनवून घ्या. मॅनिफोल्ड परत उरलेल्या स्टडवर लावून, भोकं मध्यावर आहेत हे बघून, नट हलके आवळा आणि बुशमधून ड्रिल करा. ड्रिलला भटकायला जागाच नाही. अर्ध्या तासाचं लेथचं काम हेड वाचवतं.

४. ४, मग ५, मग ६, मग ६.५. शक्य असेल तर उलट्या फिरणारे, डाव्या आट्याचे ड्रिल बिट मागवा आणि मशीन उलटं चालवा. पुष्कळदा ५ मिमीच्या बिटलाच तुकडा पकडला जातो आणि आपोआप बाहेर फिरत येतो. बिट कोबाल्टचे घ्या, वेग कमी, दाब भरपूर, कटिंग ऑइल सतत. कीस लांब, वळलेला यायला हवा. भुकटी येतेय किंवा किंचाळतंय, म्हणजे बिट बोथट आहे. घासत बसलात तर स्टड तिथे आणखी कडक होतो.

५. खोली आधी ठरवा. नवीन स्टडची हेडमध्ये जाणारी बाजू मोजा आणि बिटवर तेवढ्यावर टेप गुंडाळा. काही हेडमध्ये स्टडच्या भोकामागे कूलंटची पोकळी असते. स्टड निघाल्यावर तिथून हिरवं-लाल पाणी आलं तर घाबरू नका, पण नवीन स्टड त्या भोकात आट्यांना लावायचं सीलंट लावूनच घालावा लागतो.

६.५ पर्यंत नीट गेलात तर स्टडची फक्त स्प्रिंगसारखी गुंडाळी आट्यांत उरते. अणकुचीदार सुईने तिचं टोक आत वाकवा, चिमट्याने ओढा. मग एम८ चा टॅप, पहिला-दुसरा-तिसरा क्रमाने, हाताने, तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव मागे.

इझी-आउटबद्दल आता सांगतो. माझ्या पहिल्या गाडीत मी तो वापरला. ५ मिमीच्या भोकात ठोकला, टॅपच्या हँडलने फिरवला, आणि काच तडकावी तसा आवाज आला. साधा विचार करा: ८ मिमीचा अख्खा स्टड ज्या जोराला तुटला, तो जोर त्याच्या आत बसवलेला, त्याहून बारीक आणि ठिसूळ तुकडा कसा घेईल? तो मोडला की साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. मग कार्बाइड बिट किंवा स्पार्क मशीनवाला (ठिणग्यांनी धातू झिजवणारं मशीन). ते हेड मी उतरवून बाहेर पाठवलं. डोळ्यांदेखत सैल झालेला तुकडा केवळ फिरवून बाहेर आणायचा असेल तर इझी-आउट ठीक. जाम झालेल्यासाठी नाही.

## टप्पा ७: आटे गेले असतील तर

ड्रिल थोडं बाजूला गेलं, आटे अर्धे खाल्ले गेले, तर हेलिकॉइल (भोकात बसवायची, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). एम८ × १.२५ च्या किटमध्ये साधारण ८.३ मिमीचं ड्रिल असतं. किटवर छापलेलं मापच धरा. त्याच किटचा टॅप वापरा, नेहमीचा एम८ टॅप इथे चालत नाही. कीस पूर्ण उडवून टाका, कॉइल फिरवत बसवा, आणि तिचं वरचं टोक पृष्ठभागाच्या अर्धा-एक आटा खाली जाऊ द्या. वर राहिलं तर मॅनिफोल्ड टेकणार नाही. शेवटी तळाची आडवी जीभ तोडून बाहेर काढा. ती आत राहिली तर स्टड पूर्ण बसत नाही.

इपॉक्सी पुट्टी भरून त्यात आटे पाडणारे महाभाग आहेत. एक्झॉस्टच्या तापाला ती टिकत नाही.

थांबायची जागा: हत्यार आत मोडलं, भोक डोळ्यांना तिरकं दिसतंय, किंवा पुढच्या बाजूला रेडिएटरमुळे ड्रिल सरळ धरताच येत नाही, तर इथेच थांबा. अर्धवट बिघडलेलं हेड मशीन शॉपमध्ये वाचतं. पूर्ण बिघडवलेलं फार महागात पडतं.

## टप्पा ८: परत जोडणी

हेडचा पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने साफ करा. ग्राइंडरवरची गोल पॅड नको, ॲल्युमिनियमला खळगे पडतात. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवून बघा. वाक किती चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. त्यापेक्षा जास्त असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून घ्या. वाकडा मॅनिफोल्ड नटांनी ओढून सरळ करायला गेलात तर सहा महिन्यांत पुन्हा याच लेखाकडे याल. त्याच वेळी मॅनिफोल्डच्या भोकांतला गंज गोल कानशीने घासून काढा, वर सांगितलेला सरकायचा वाव परत येतो.

स्टड कंपनीचे किंवा त्या ग्रेडचे घ्या. चकाकतात म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले स्टेनलेसचे रॉड कापून घालू नका. ते आट्यांत धरून बसतात आणि पुढच्या वेळी तेच तुटतात. हेडमध्ये जाणारी बाजू कुठली ते जुन्या स्टडशी जुळवा. आट्यांना अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात, बोटाने पुसल्यासारखा. दोन नट लावून बेताचं आवळा. स्टड हेडमध्ये जिवाच्या आकांताने कसायचा नसतो. ऑक्सिजन सेन्सर काढला असेल तर त्याच्या आट्यांवर सेन्सरला चालणारंच अँटी-सीझ, टोकाला अजिबात नको.

पॅकिंग नवीन, कोरडं. त्यावर सिलिकॉन लावायचं नाही, जळून सुटतं. नट सगळे हाताने चढवा, मग मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत. एम८ ला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर असतं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. अँटी-सीझमुळे घर्षण कमी होतं, त्यामुळे आकड्याच्या वरच्या टोकाला जाऊ नका.

तपासा: पोर्टमधले बोळे निघाले? कागदावर आकडा लिहिलाय. मोजा.

## टप्पा ९: पहिला स्टार्ट

कनेक्टर, बॅटरी जोडा, गाडी उघड्यावर आणा. पडवीत किंवा बंद शेडमध्ये सुरू करू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येतेय असं वाटेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं मॅनिफोल्डवरून धूर निघेल. ते तेल, मेण आणि तुमच्या बोटांचे ठसे जळतायत. त्यानंतरही धूर राहिला तर बघायला हवं.

थंड असतानाच उदबत्ती पुन्हा फिरवा. टक-टक नाही, धूर सरळ वर जातो, तर बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण थंड इंजिनवर, टॉर्क पान्याने प्रत्येक नट त्याच आकड्यावर एकदा तपासा. नवीन पॅकिंग पहिल्या तापात बसतं, एखादा नट केसभर फिरेल. जास्त आवळू नका.

पाऊस संपला, दसऱ्याच्या आसपास गाडी धुतलीत की, थंड इंजिनवर प्रत्येक नटाच्या बाहेर आलेल्या आट्यांवर ब्रशने अँटी-सीझचा एक हात द्या. पाच मिनिटांचं काम आहे. आणि गाडी खाडीकाठी किंवा समुद्राच्या तोंडावर उभी राहत असेल, तर ते होळीच्या सुमाराला पुन्हा करा.